हॉटेलच्या किचनमधलं अप्रेंटिसशिपचं वर्ष : पाचपैकी साडेतीन

पाचपैकी साडेतीन देतेय. दीड कुठे कापले ते ओघात येईलच. आधी पैशांचं सांगून टाकते, कारण आमच्या आयटीआयची मागच्या बॅचची पोरं फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो, आणि तो असायलाच हवा.

मी फलटणची. आयटीआयला 'फूड प्रॉडक्शन (जनरल)' हा एक वर्षाचा ट्रेड केला आणि नंतर पुण्यात, नगर रस्त्याच्या बाजूला एका पंचतारांकित हॉटेलच्या किचनमध्ये वर्षभर अप्रेंटिस होते. हॉटेलचं नाव लिहिणार नाही. आता दुसरीकडे कॉमी, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीची शेफ आहे, तेही नाव लिहिणार नाही. परीक्षण हॉटेलचं नाही, त्या वर्षाचं आहे.

तर पैसे. अप्रेंटिसला पगार नसतो, विद्यावेतन असतं. 2019 मध्ये नियम बदलले त्यात किमान आकडे ठरवून दिले : आयटीआय झालेल्याला 7000, पदविकावाल्याला 8000, पदवीधराला 9000 महिना. ही खालची मर्यादा झाली, हॉटेल वर कितीही देऊ शकतं. देतात मात्र क्वचितच. यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र सरकार उचलतं, म्हणजे हॉटेलला तुम्ही आणखी स्वस्त पडता. पीएफ नाही, ईएसआयचा विमा नाही. कारण 1961 चा अप्रेंटिस कायदाच म्हणतो की तुम्ही कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहात. कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईचा हक्क मात्र आहे, एवढं लक्षात ठेवा. किचनमध्ये भाजतं, कापतं, ओल्या फरशीवर पाय घसरतो.

एवढ्यात पुण्यात राहता येतं का? घरून थोडे आल्याशिवाय नाही. मी चंदननगरला तिघींच्या खोलीत राहायचे आणि विद्यावेतनातला जवळजवळ अर्धा भाग तिथेच जायचा. वाचवतं ते हॉटेलचं कॅफेटेरिया. ड्यूटीचं जेवण फुकट, आणि पंचतारांकित हॉटेलचं स्टाफ जेवण बाहेरच्या कुठल्याही मेसपेक्षा बरं असतं : रोज डाळ, भात, दोन भाज्या, दही, आठवड्यातून दोनदा चिकन. कोट आणि ॲप्रन हॉटेल देतं, धुऊनही देतं. काळे सेफ्टी शूज मला स्वतःचे घ्यावे लागले. त्यात कंजुषी करू नका, दहा तास त्यांच्यावरच उभं राहायचं असतं.

आता एक गोंधळ सोडवते. किचनमध्ये शिकाऊ पोरं दोन-तीन प्रकारची असतात आणि बाहेरून सगळी सारखी दिसतात. दादरचं आयएचएम (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट), शिवाजीनगरचं राज्य शासनाचं हॉटेल मॅनेजमेंट कॉलेज, किंवा कुठलंही खासगी कॉलेज, तिथून येतात ती 'आयटी', म्हणजे इंडस्ट्रियल ट्रेनिंगवाली. ती काही महिन्यांसाठी येतात, हॉटेलच्या चारही मुख्य खात्यांत फिरतात आणि कॉलेजात परत जातात. आपण अप्रेंटिस. आपला करार असतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असतो, आपण एकाच ट्रेडमध्ये राहतो आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र घेतो. तिसरा प्रकार 2024 पासून सुरू झाला, मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतला. त्यात बारावीला 6000, आयटीआय-पदविकेला 8000, पदवीधराला 10000 असे सरकार देतं. आकडा बरा दिसतो म्हणून काहीजण तिकडे वळतात. पण ते अप्रेंटिस कायद्यातलं प्रशिक्षण नाही आणि त्याच्या शेवटी ट्रेडची परीक्षाही नाही. हॉटेलचा एचआर तोंडी 'ट्रेनी म्हणून घेतो' म्हणाला तर यातलं नक्की कुठलं, ते कागदावर विचारून घ्या.

कामाचं बोलू.

किचनची भाषा हिंदी आहे, हे आधीच सांगते. आमच्याकडे निम्मी टीम गढवालची, काही बंगालचे, काही ओडिशाचे, मराठी आम्ही मोजकेच. पुण्यातल्या मोठ्या किचनमध्ये हे सर्रास आहे. माझे पहिले सीडीपी, म्हणजे सेक्शनचे प्रमुख शेफ, टिहरीचे. त्यांनी मला कांदा चिरताना पाहिलं, काही बोलले नाहीत, सुरी हातातून घेतली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "पहले पकड़ना भूल जाओ, फिर सिखाऊँगा." आम्ही घरी सुरी मुठीत धरतो. तिथे पातं अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत, मूठ फक्त आधाराला, डाव्या हाताची बोटं आत वळलेली, आणि पातं त्या पेरांना घासत जातं. आठवडाभर माझा वेग घरच्यापेक्षा निम्म्याने कमी होता आणि मनगट सुजलं होतं. मग एकदम सुटलं. आयटीआयमध्ये हे शिकवलेलं होतं, नाही असं नाही. पण वीस जणांत दोन किलो कांदा चिरणं वेगळं आणि रोज सकाळी एक गोणी संपवणं वेगळं.

सुरुवातीला हेच मिळतं : सोलणं, चिरणं, धुणं, डब्यांवर तारखेची स्टिकरं लावणं, फ्रिजचं तापमान वहीत लिहिणं. वॉक-इन, म्हणजे खोलीएवढा फ्रिज, 5 अंशांच्या खाली, डीप फ्रीझर उणे 18. लाल बोर्डवर कच्चं मांस, निळ्यावर मासे, हिरव्यावर भाज्या. पहिल्यांदा वाटतं हे काय शिकणं झालं. मला विचाराल तर वर्षातलं सगळ्यात टिकाऊ हेच निघालं. फलटणला आईची खानावळ आहे. मी दिवाळीला घरी गेले तेव्हा तिचा फ्रिज उघडून आधी कच्चं चिकन खालच्या फळीवर ठेवलं आणि शिजवलेलं वर. ती म्हणाली, "आता मला शिकवणार होय तू?" पण तेव्हापासून फ्रिज तसाच लागतो. तिला पटली ती दुसरी गोष्ट : फ्लॉवर आणला की आधी वजन, साफ करून परत वजन. किती पैसे देठापाल्यात गेले ते समोर दिसतं. हॉटेलमध्ये प्रत्येक भाजीचा हा हिशेब ठेवतात आणि त्यावरून थाळीचा दर काढतात. आई वीस वर्षं अंदाजाने दर लावत होती. अंदाज फार चुकत नव्हता, हेही खरं.

मग मला ब्रेकफास्टला टाकलं, अंड्यांच्या काउंटरवर. हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण वर्षातला खरा वर्ग इथे भरला.

काउंटर साडेसहाला उघडतो, म्हणजे आपण पावणेसहाला तयार. दोन इंडक्शन, छोटे नॉनस्टिक पॅन (यांना कुणालाही हात लावू द्यायचा नाही, चमचा घासला की पॅन गेला), चिरलेला कांदा-टोमॅटो-मिरची-कोथिंबीर, किसलेलं चीज, मशरूम, पोचसाठी व्हिनेगर घातलेलं पाणी, उकळी फुटायच्या जरा आधीचं. अंडं थेट मिश्रणात फोडायचं नाही. आधी वेगळ्या वाटीत, मग आत. एक खराब निघालं तर बाकीची वाचतात.

आणि मग लोक येतात. साडेसात ते नऊ हा खरा मारा. बुफेच्या काउंटरवर केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, नसते, कुणी लिहून देत नाही. निळा शर्ट दोन अंड्यांचं मसाला ऑम्लेट, बाजूच्या बाई फक्त पांढरं, त्यांच्यामागचा लहान मुलगा 'सनी साइड, पण पिवळं फुटलं तर खाणार नाही'. हे सगळं चेहऱ्यावरून लक्षात ठेवायचं, हात चालू ठेवून. पहिल्या आठवड्यात डोकं भणभणायचं. मग एका दादांनी युक्ती सांगितली : ऑर्डर ऐकली की त्याच क्षणी त्या ऑर्डरचं काहीतरी समोर मांडून ठेवायचं. पांढऱ्या ऑम्लेटला रिकामी वाटी, मसाल्याला बोलमध्ये कांदा. ओटाच मग यादी होतो. ही युक्ती मी आजही वापरते, अंड्यांशी काही संबंध नसतानाही.

रांजणगाव-चाकणच्या कारखान्यांमुळे आमच्याकडे कोरियन, जर्मन, जपानी पाहुणे कायम. त्यांच्यामुळे मी फ्रेंच पद्धतीचं ऑम्लेट शिकले. वरून एकही तपकिरी डाग नको, आतून ओलसर, घडी घालून पॅनमधून उलटं ताटात. गॅस किंवा इंडक्शन मंद, काट्याने सतत हलवत राहायचं, कडा धरायच्या आधी गोळा करायचं. एका ऑम्लेटला मिनिटभर लागतं आणि त्या मिनिटात मान वर करता येत नाही. हे जमलं त्या दिवशी सू-शेफनी, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालच्या शेफनी, ते उचललं, फिरवून पाहिलं, काही न बोलता खाऊन टाकलं. किचनमध्ये हीच शाबासकी. आणि त्याच दिवशी सोलापूरचे एक काका काउंटरवर येऊन म्हणाले, "पोरी, हे काय पांढरंफटक? जरा खरपूस भाज की." त्यांना खरपूस भाजून दिलं. दोन्ही बरोबर आहेत, आणि कुणाला कुठलं द्यायचं हे ओळखणं हा कामाचाच भाग आहे.

आता कापलेल्या गुणांकडे येते.

माझ्या करारासोबत प्रशिक्षणाचा आराखडा होता. त्यात गार्ड मांजे, म्हणजे थंड पदार्थांचं सेक्शन, मग इंडियन, कॉन्टिनेंटल, बेकरी असं सगळं फिरवायचं होतं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, मुहूर्त सुरू झाले, आणि मी बॅंक्वेट, म्हणजे लग्न-समारंभांच्या, किचनमध्ये गेले ती फेब्रुवारी संपेपर्यंत तिथेच अडकले. सातशे-आठशे पानांची लग्नं. लसूण सोलणं, स्टार्टरच्या प्लेट लावणं, तयार ग्रेव्ही मोठ्या पॅनमध्ये ओतून हॉट केसात ढकलणं. ग्रेव्ही बनवताना आम्हाला जवळ कुणी उभं करायचं नाही, वेळच नसायचा. आठ-दहा दिवसांत तिथलं शिकण्यासारखं शिकून होतं. बाकीचे दिवस आपण फक्त दोन जादा हात.

त्याहून वाईट म्हणजे वेळ. शिफ्ट संपली की पंच करून या आणि परत कामाला लागा, असं चालायचं. रजिस्टरवर नऊ तास, प्रत्यक्षात तेरा. कायद्याच्या कलम 15 मध्ये स्पष्ट आहे की अप्रेंटिसकडून जादा वेळ काम घ्यायचं तर अप्रेंटिसशिप सल्लागाराची मंजुरी लागते, आणि तीही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच. आमच्यातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. शेफना तरी माहीत असेल का, शंका आहे. त्यांनी स्वतः असंच शिकलंय. सोळा तास उभं राहिल्याच्या गोष्टी ते अभिमानाने सांगतात, आणि त्यात पोरांचा छळ करायचा हेतू नसतो हे मला समजतं. पण 7000 रुपयांत तेरा तास म्हणजे काय पडतं, याचा भागाकार तुम्ही करून पाहा.

मुलींसाठी एक वेगळी ओळ. दहानंतर सुटलं की हॉटेलची गाडी सोडते, हे आमच्याकडे होतं आणि चोख होतं, त्याचे पूर्ण गुण. फक्त गाडी सगळ्या सेक्शनच्या मुली सुटल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे चंदननगर दहा मिनिटांवर असून खोलीवर पोचायला मध्यरात्र व्हायची. घरी फोनवर हे समजावून सांगणं हे एक वेगळंच काम. किचनमध्ये मुली अजून कमीच आहेत, आणि 'बेकरीत जा, तिथे बरं' असं प्रत्येकजण काळजीने सांगतो. मला बेकरी हवी होती, पण बरी म्हणून नाही.

ती मिळाली कशी, ते सांगते. अप्रेंटिसला लॉगबुक असते. रोज काय केलं ते लिहायचं आणि सुपरवायझरची सही घ्यायची. बहुतेक पोरं महिनाअखेरीस एका बैठकीत सगळं भरतात : 'कटिंग, चॉपिंग, मिझाँ प्लास (म्हणजे पूर्वतयारी)', 'वरीलप्रमाणे', 'वरीलप्रमाणे'. मी रोज खरं लिहायचे. 'लसूण सोलला. प्लेटिंग.' पानंच्या पानं तेच. मार्च लागताच ती वही आणि आराखड्याची झेरॉक्स घेऊन ट्रेनिंग मॅनेजरकडे गेले. भांडले नाही, दोन्ही शेजारी ठेवून विचारलं फक्त, की परीक्षेला बेकरी आली तर मी काय लिहू? त्यांनी वही चाळली, शेफना फोन लावला, आणि पुढच्या सोमवारपासून मी बेकरीत. तक्रार केली असती तर वेळ गेला असता. वहीवर सह्या त्यांच्याच होत्या, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

बेकरी सगळ्यात आवडली. रात्रीची शिफ्ट, थंड खोली, कमी आरडाओरडा. क्रोसाँच्या पिठात लोण्याची लादी गुंडाळून तीन वेळा तिहेरी घडी घालायची, म्हणजे लोण्याचे 27 थर होतात, आणि दर घडीनंतर पीठ फ्रिजमध्ये विसावलं पाहिजे. पुण्यातल्या एप्रिलमध्ये खोलीचा एसी बिघडला की लोणी वितळून पिठात मुरतं आणि थरांऐवजी ब्रियोश, म्हणजे लोण्याचा मऊ पाव, हाती येतो. तिथले बेकर शेफ कमी बोलायचे, पण विचारलं की थांबून सांगायचे. प्रत्येक रेसिपी पिठाच्या टक्केवारीत लिहायला त्यांनी लावलं : पीठ 100, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. एकदा हे डोक्यात बसलं की एक किलोचा पाव आणि वीस किलोचा पाव यांत फरक उरत नाही.

शेवटी परीक्षा. लेखी आणि प्रात्यक्षिक, पास झालं की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र. याचा उपयोग होतो का? खासगी हॉटेलात मुलाखतीला प्रमाणपत्र कुणी फारसं पाहत नाही. ते ट्रायल घेतात, कांदा चिरायला लावतात, एक सॉस करायला सांगतात. तिथे हात बोलतो. सरकारी किंवा निमसरकारी कॅंटीन-गेस्ट हाउसची भरती बघत असाल तर कागद जपून ठेवा. आणि त्याच हॉटेलात नोकरी मिळेल या भरवशावर वर्ष काढू नका. कायद्याने ते तुम्हाला घ्यायला बांधलेले नाहीत. आमच्या बॅचमधल्या काहींना घेतलं, मला घेतलं नाही. जागा नव्हती म्हणाले. त्याच महिन्यात नवीन अप्रेंटिस मात्र घेतले. अर्धा गुण इथे गेला, एक बॅंक्वेटच्या त्या हिवाळ्यासाठी.

मग साडेतीन तरी कशाचे? मी ट्रायलला गेले तेव्हा सुरी धरल्याबरोबर समोरच्या शेफनी विचारलं, "कहाँ से सीखा?" याचे. अंडी, बेकरी, वजन-हिशेब, आणि शंभर माणसांत न गोंधळता उभं राहणं. हे फीचे लाखभर रुपये भरून खासगी कॉलेजातही मिळेलच असं नाही. ज्यांना घरून महिन्याला दोन-तीन हजारांचा आधार आहे आणि स्वयंपाकाची खरी ओढ आहे, त्यांनी बिनधास्त करावं. घर चालवायची जबाबदारी लगेच अंगावर असेल तर नको. सरळ एखाद्या चांगल्या रेस्टॉरंटमध्ये हेल्पर म्हणून लागा, तिथे पगार जास्त मिळतो आणि शिकणं नशिबावर असतं.

हॉटेल निवडताना ताऱ्यांकडे बघू नका. दोन गोष्टी विचारा : मागच्या बॅचचे अप्रेंटिस कुठल्या सेक्शनमध्ये किती दिवस होते, आणि त्यातल्या एकाचा नंबर मिळेल का. नंबर द्यायला कां-कूं केली की उत्तर मिळालंच. बॅंक्वेट हॉल किती मोठा आहे तेही बघा. हॉल जितका मोठा, तितका तुमचा हिवाळा लसणात जाणार. आणि जमलं तर जून-जुलैला रुजू व्हा. पावसाळ्यात पुण्यात लग्नं फारशी नसतात, खोल्या निम्म्या रिकाम्या असतात, आणि शेफना दुपारी ओट्याला टेकून एखादा सॉस पहिल्यापासून करून दाखवायला वेळ असतो. हॉलंडेझ, म्हणजे अंड्याचं पिवळं आणि लोण्याचा सॉस, मी अशाच एका दुपारी शिकले. नोव्हेंबरात रुजू झालेल्या पोरांना तो अजून जमत नाही.